ब्राच्या शिवणीत माया नसते

ब्लाउज अंगाला आवळायला लागला की घरोघरी एकच गोष्ट होते. ब्लाउज उलटा करायचा, बाजूच्या शिवणीत शिंप्याने किती माया सोडली आहे ते पाहायचं, आतली एक टीप उसवायची आणि पुढची दोन वर्षं निभावून न्यायची. चांगला शिंपी माया सोडताना हात आखडत नाही. एकाशेजारी एक अशा तीन-तीन टिपा मारून ठेवतो, कारण बाईचं अंग एका मापावर थांबत नाही हे त्याला अनुभवाने ठाऊक असतं. ब्राला ही सोय नाही. ती घट्ट झाली की उसवायला आत काही नसतं. मग दुकानात जाऊन आकडा वाढवून मागितला जातो, आणि गडबड तिथेच सुरू होते.

“३४ घट्ट होते, ३६ द्या.” पुण्याच्या तुळशीबागेत, दादरला किंवा तालुक्याच्या गावातल्या मॅचिंग सेंटरमध्ये हे वाक्य रोज ऐकू येतं. काउंटरमागचा माणूस मागे वळून खोका काढतो, दोन रंग समोर टाकतो, दोन मिनिटांत व्यवहार आटोपतो. काय घट्ट होतं, पट्टा की कप, हे ना तो विचारत ना ती सांगत.

लेबलावर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात, एक आकडा आणि एक अक्षर. आकडा छातीखालून पाठीकडे जाणाऱ्या पट्ट्याचा, अक्षर कपचं. आणि नेमकी लक्षात ठेवायची गोष्ट अशी की अक्षराला स्वतःचं ठरलेलं माप नाही. आकडा बदलला की त्याच अक्षराचा कपही बदलतो. ३२ डी, ३४ सी आणि ३६ बी या तिन्हींचे कप आतून जवळपास सारखेच असतात, बदलत जातो तो पट्टा. त्यामुळे ३४ बी वापरणारीचा कप भरून वाहायला लागला आणि तिने ३६ बी घेतली, तर पहिल्या दिवशी तिला खरंच सुटल्यासारखं वाटतं. कप एका पायरीने मोठा झालेला असतो ना! पण त्याबरोबर पट्टाही दोन इंचांनी सैल आलेला असतो. आठवडाभरात तो पाठीवर वर चढायला लागतो. मागचा भाग वर गेला की पुढचा खाली येतो. मग स्ट्रॅप आखडले जातात, सगळा भार खांद्यांवर येतो, संध्याकाळी ब्रा काढल्यावर खांद्यांवर लाल खाचा दिसतात, मान भरून येते. त्या बाईला हवी होती ३४ सी. दहापैकी बऱ्याच तक्रारींचं मूळ या एका अदलाबदलीत सापडतं.

ब्राचं बहुतेक काम पट्टा करतो, स्ट्रॅप नाही. स्ट्रॅपचं काम कप छातीला लागून ठेवण्यापुरतं. हे पडताळून पाहायची सोपी रीत आहे. ब्रा घातलेली असताना दोन्ही स्ट्रॅप खांद्यावरून हलकेच खाली उतरवावेत. पट्टा जागच्या जागी राहिला, कप थोडेच ढिले झाले, तर माप बरोबर. सगळंच खाली घसरलं, तर पट्टा सैल आहे, मग लेबलावर काहीही लिहिलेलं असो.

आजी-पणजीच्या गाठीच्या चोळीला साइज नव्हता. पुढे गाठ मारायची. अंग भरलं की गाठ सैल, उतरलं की करकचून. लेकुरवाळीला पाजायला सोडायची, पुन्हा बांधायची. एकाच खणाची चोळी गरोदरपणातही चाले आणि नंतरही. आधार कितपत मिळत होता हा वेगळा प्रश्न, पण रोज माप घेण्याची सोय त्या गाठीतच होती. पुढे आलेल्या शिवलेल्या ‘बॉडी’ने ती गाठ काढून हूक आणले. तिकडे अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब या तरुणीने दोन हातरुमाल आणि रिबीन जोडून केलेल्या ब्राचं पेटंट १९१४ साली मिळवलं होतं. ए, बी, सी, डी ही अक्षरं मात्र त्यानंतर वीसेक वर्षांनी, १९३० च्या दशकात आली. तोपर्यंत कपला वेगळं माप असतं ही कल्पनाच बाजारात नव्हती. आपल्याकडच्या कित्येक दुकानांत ती अजूनही नीटशी पोचलेली नाही. तिथे ‘बी’ हेच एक अक्षर असतं आणि बाकीच्यांनी त्यात आपापलं बसवून घ्यायचं असतं.

माप बदलतं ते का, हे समजायला स्तन कशाचा बनलेला आहे हे थोडं माहीत हवं. आत दूध तयार करणाऱ्या ग्रंथी, त्यांच्या नळ्या, भोवती चरबी, आणि या सगळ्याला धरून ठेवणारे तंतूंचे नाजूक बंध. १८४० साली स्तनाच्या रचनेवर ग्रंथ लिहिणाऱ्या अ‍ॅस्टली कूपर या इंग्रज शल्यविशारदाच्या नावाने हे बंध आजही ओळखले जातात. स्नायू स्तनात नसतोच, तो त्याच्या मागे, बरगड्यांवर असतो. म्हणून दंड-बैठकांनी छातीचा स्नायू बळकट होईल, उभं राहण्याची ढब सुधारेल, पण स्तन ‘टाइट’ होणार नाहीत. तेल चोळूनही नाही. जाहिरातीतल्या मलमांवर पैसे घालवण्याआधी एवढं आठवलं तरी पुरे.

ग्रंथी हार्मोन्सचं ऐकतात, चरबी वजनाचं. या दोघी आयुष्यभर वेगवेगळ्या तालावर कमी-जास्त होत राहतात.

सुरुवात होते ती आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान, आणि घरच्यांना दचकवूनच. मुलगी आंघोळीहून येते आणि सांगते, “आई, इथे दुखतंय.” हात लावला तर एका बाजूच्या स्तनाग्राखाली बटणाएवढी टणक गाठ. दुसऱ्या बाजूला काहीच नाही. आईच्या पोटात गोळा येतो. बहुतेक वेळा ही वयात येण्याची पहिली खूण असते. दुसरी बाजू काही महिन्यांत तिला गाठते आणि पाळी साधारण दोन-अडीच वर्षांनी येते. ही गाठ दाबून, चोळून पाहू नये. आठ वर्षांच्या आत असं काही दिसलं किंवा तेरा पूर्ण होऊनही काहीच बदल नसला, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं. या वयात पहिली ब्रा ‘कधी’ याचं उत्तर कॅलेंडरमध्ये नसतं. धावताना दुखायला लागलं, शाळेच्या शर्टातून अवघडायला झालं, मुलगी दप्तर पाठीऐवजी पोटाशी धरून खांदे पाडून चालायला लागली, की वेळ झाली. सुरुवातीला सुती, बिनतारेची, शमीजसारखी ब्रा पुरते. फक्त एका वेळी सहा आणून ठेवू नयेत. दोन आणाव्यात आणि चार-सहा महिन्यांनी पुन्हा मोजावं.

दोन्ही बाजू पुढेही अगदी सारख्या होत नाहीत. थोडा फरक बहुतेकींना असतो. ब्रा नेहमी मोठ्या बाजूच्या मापाने घ्यावी आणि लहान बाजूचा स्ट्रॅप किंचित आखडावा, किंवा काढता येणारं पातळ पॅड त्या बाजूला ठेवावं.

पाळी सुरू झाल्यावर दर महिन्याची भरती-ओहोटी लागते. पाळीच्या आधीचा आठवडा-दीड आठवडा ग्रंथी फुगतात, जडपणा येतो, जिना उतरतानाही दुखतं. काहींना त्या दिवसांत कपची एक पायरी वाढलेली जाणवते. त्यांनी एक ब्रा मऊ, बिनतारेची, थोड्या मोठ्या कपची बाजूला ठेवावी. ही चैन नव्हे. आणि माप घ्यायचं ते पाळी संपल्यावरच्या दिवसांत. दुखऱ्या आठवड्यात घेतलेलं माप पुढच्या तीन आठवड्यांना मोठं होतं. गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्यावरही असा फरक पडू शकतो.

गरोदरपणात बदल पोट दिसण्याच्या कितीतरी आधी सुरू होतात. पुष्कळदा ब्रा टोचायला लागणं हीच पहिली सूचना असते. पुढे कपबरोबर बरगड्यांचा घेरही वाढतो, म्हणून इथे आकडा आणि अक्षर दोन्ही वाढवावे लागतात, आणि ३४ चं ३६ मागणं इथे चूक ठरत नाही. पट्टा थोडाच घट्ट होत असेल तर हुकांचा छोटा जोडपट्टा मिळतो, तो मागे अडकवून काही महिने निघतात. सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाताना पाजायच्या ब्रा घेतल्या जातात, त्या कपमध्ये थोडी जागा सोडून घ्याव्यात. कारण बाळंतपणानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी पान्हा भरून येतो तेव्हा आदल्या दिवशीची ब्रा बसत नाही अशी गत होते. या काळात कडक तार नको, कडेला रुतणारा कप नको. एकाच जागी सतत दाब राहिला की तिथे दूध साकळतं, गाठ धरते, ताप येतो. दोन बाजूंमध्ये याच वेळी चांगलाच फरक दिसू शकतो. बाळाला एक बाजू जास्त आवडते, बहुतेकदा एवढंच कारण असतं.

अंगावर पाजल्याने स्तन ओघळतात ही भीती अजून घराघरांत आहे. केंटकी विद्यापीठातले प्लास्टिक सर्जन ब्रायन रिंकर यांनी आपल्याकडे येणाऱ्या स्त्रियांची माहिती तपासून २००७ साली याचा हिशेब मांडला. वय, गरोदरपणांची संख्या, स्थूलता आणि सिगारेट यांचा संबंध दिसला. पाजण्याचा दिसला नाही. मूल अंगावरून सुटल्यावर वरचा भाग रिकामा झाल्यासारखा वाटतो हे खरं, पण ते रूपही कायमचं नसतं. काही महिने जाऊ द्यावेत आणि मग नव्या ब्रांचा खर्च करावा.

चाळिशी ओलांडल्यावर पाळी मागेपुढे व्हायला लागते आणि ग्रंथींची जागा हळूहळू चरबी घेते. वजन तेच असलं तरी स्तन मऊ होतात, खाली उतरतात, रुंदावतात. अशा वेळी वीस वर्षं वापरलेला प्रकार एकाएकी बसेनासा होतो. दोष मापात नसून घाटात असतो. पुढून अर्धा कापलेला कप वरच्या बाजूला पोकळ राहतो आणि काखेकडून मात्र मांस बाहेर येतं. या वयात रुंद पट्ट्याची, बाजू उंच असलेली, शिवणीचे तुकडे जोडून केलेल्या कपची ब्रा जास्त बरी बसते. साच्यातून काढलेला गुळगुळीत पॅडेड कप स्वतःचा आकार सोडत नाही; तुकड्यांचा कप अंगाचा आकार घेतो. कटोरी ब्लाउज घालणाऱ्या बायकांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

काही बदल मात्र ब्रा बदलून सोडून देण्यासारखे नसतात. पाळी होऊन गेली तरी तशीच राहिलेली गाठ, थोड्या दिवसांत एकाच बाजूचा बदललेला आकार, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, संत्र्याच्या सालीसारखी खरखरीत झालेली कातडी, रक्ताळ स्राव, काखेतली गाठ. यातलं काहीही दिसलं तर पाळीची पुढची तारीख न पाहता डॉक्टर गाठावा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये झोपडवस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांना घेऊन एक मोठा अभ्यास सुरू केला. त्यातल्या निम्म्या जणींची तपासणी प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने करत, मॅमोग्राफी नाही. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा तपासणी झालेल्या गटातल्या पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. शिकलेल्या हाताची ही ताकद. ब्राचं माप घ्यायला आरशासमोर उभं राहणारी बाई आपल्या दोन्ही बाजू नीट पाहते, हा त्या दोन मिनिटांचा वरचा लाभ.

आता माप. लागतात एक मेजपट्टी, आरसा आणि बंद दार. पातळ, बिनपॅडची ब्रा घालावी. पहिलं माप छातीच्या लगेच खाली, बरगड्यांवर: पट्टी चहूकडून आडवी, श्वास सोडलेला, पट्टी अंगाला घट्ट पण रुतणारी नाही. पाठीमागे पट्टी वर सरकते आणि माप चुकतं, म्हणून आरशाकडे पाठ करून मान वळवून एकदा पाहावं किंवा बहिणीला पट्टी धरायला सांगावं. दुसरं माप छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून, पट्टी नुसती टेकवलेली. दोन्ही आकडे इंचांत आणि सेंटिमीटरमध्ये कागदावर लिहून ठेवावेत, कारण पुढे कंपन्यांचा घोळ आहे.

घोळ असा. बऱ्याच लेबलांवर ३४ च्या शेजारी बारीक अक्षरांत ७५ छापलेलं असतं. हे ७५ म्हणजे छातीखालचे सेंटिमीटर, म्हणजेच साडेएकोणतीस इंच. तर ३४ चा पट्टा ३४ इंच अंगासाठी नसून त्याच्यापेक्षा चार-साडेचार इंचांनी कमी अंगासाठी आहे. चार-पाच इंच मिळवायची ही जुनी रीत काही कंपन्यांनी सोडली आहे. त्या छातीखालचं माप जसंच्या तसं आकडा म्हणून घेतात. समजा एखादीचं छातीखाली ३० इंच आणि छातीवर ३५ इंच भरलं. दुसऱ्या रीतीने पाच इंचांचा फरक म्हणजे ३० डीडी. (एक इंचाला ए, दोनला बी, तीनला सी, चारला डी.) सेंटिमीटरच्या युरोपीय तक्त्यात तीच बाई ७६ आणि ८९, फरक १३, म्हणजे ७५ ए. एकच देह, एकीकडे डीडी, दुसरीकडे ए! ‘डी म्हणजे अवाढव्य’ असं मानून लाजणाऱ्या किंवा ‘ए म्हणजे काहीच नाही’ म्हणून हिरमुसणाऱ्या, दोघींनी हे उदाहरण एकदा कागदावर मांडून पाहावं.

म्हणून ज्या कंपनीची ब्रा घ्यायची तिचाच तक्ता पाहायचा, आणि तक्त्याने दिलेलं उत्तर ही सुरुवात समजायची. त्यापुढचं अंगावर घालूनच ठरतं. परदेशी राहणाऱ्यांना तर हे जास्तच जपावं लागतं. आपल्याकडची ३४ जर्मनीत ७५ असते, फ्रान्समध्ये ९०, ऑस्ट्रेलियात १२. डीच्या पुढे इंग्लंड डीडी, ई, एफ असं जातं आणि अमेरिका डीडी, डीडीडी असं; तेव्हा लंडनची ई आणि न्यू जर्सीची डीडीडी साधारण एकाच कपच्या बहिणी.

खरी अडचण येते ती घालून पाहण्याची. ‘इनरवेअर बदलून मिळणार नाही’ ही पाटी गल्ल्याच्या वरच लटकलेली असते, आणि स्वच्छतेच्या दृष्टीने दुकानदाराचंही चूक नाही. पण मार्ग निघतो. बाजारातल्या गर्दीच्या दुकानात एकदम चार न घेता एकच घ्यावी, आठवडा वापरावी, बसली तर त्याच कंपनीचा तोच नमुना पुन्हा जाऊन घ्यावा. त्यासाठी खोक्यावरचा नमुना क्रमांक मोबाइलमध्ये टिपून ठेवावा. मोठ्या दुकानांत ट्रायल रूम असते, तिथे संकोच सोडून तीन मापं आत न्यावीत: तक्त्यातलं एक, त्याच आकड्याचं पुढचं अक्षर, आणि आकडा एक पायरी खाली, अक्षर एक पायरी वर. ऑनलाइन मागवताना परतीची अट आधी वाचावी आणि टॅग कापू नये. दुकानात बाई विक्रेती असेल तर तिला सरळ दोन्ही मापं सांगावीत. नजरेने माप सांगणारे बहाद्दर पुष्कळ असतात; त्यांच्याकडे जे माप शिल्लक असतं तेच पुष्कळदा नजरेला दिसतं.

घालायचीही एक रीत आहे. पुढे वाकून हूक लावावेत, मग उजवा हात डाव्या कपात घालून काखेकडचा भाग पुढे ओढून कपात घ्यावा, दुसऱ्या बाजूलाही तसंच. एवढं केल्यावर पुष्कळींना कळतं की कप लहान होता. आजवर काखेजवळची ‘चरबी’ म्हणून जिला नावं ठेवली तो स्तनाचाच बाहेर राहिलेला भाग होता. मग आरशात पाहावं. पट्टा पुढून मागे एका ओळीत आडवा आहे का, त्याखाली दोन बोटं जातात पण मूठ जात नाही ना, दोन कपांमधला भाग छातीला टेकतो का, कपच्या काठावर मांस दुमडतं का किंवा कापड चुणतं का, तार असेल तर ती स्तनाच्या खालच्या घडीत बरोबर बसते का, वर चढलेली तर नाही. हात वर करावेत, खाली बसून उठावं, टेबलावर वाकल्यासारखं करावं. आणि हुकांच्या तीन रांगांपैकी नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सैल रांगेवर बसली पाहिजे. आतल्या दोन रांगा पुढे इलॅस्टिक थकेल तेव्हासाठी असतात. ब्राला असलीच तर माया तेवढीच, आणि तीही उलट्या दिशेची.

नवा ब्लाउज शिवायला टाकताना याच ब्रावर माप द्यावं. ढिल्या ब्रावर घेतलेल्या मापाचे टक्स एक इंच खाली येतात आणि बोलणी शिंपी खातो.

धावणाऱ्यांचं गणित वेगळं. पळताना स्तन नुसता वर-खाली होत नाही, बाजूंनाही जातो आणि इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी वाट काढतो. पोर्ट्समथ विद्यापीठात जोआना स्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे बारकाईने मोजलं आहे. रोजची ब्रा यासाठी केलेलीच नसते. लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर या तिघींनी १९७७ साली अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये पुरुष खेळाडूंचे दोन लंगोटवजा आधारपट्टे उलटे शिवून पहिली ‘जॉगब्रा’ केली, तोवर धावणाऱ्या बायका दोन ब्रा एकावर एक घालत. पोलीस भरतीच्या ८०० मीटरसाठी पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर सराव करणाऱ्या मुली आजही तेच करतात, वरून घट्ट टी-शर्ट. लहान कप असेल तर छातीला दाबून धरणारी स्पोर्ट्स ब्रा पुरते. सी-डीच्या पुढे प्रत्येक बाजूला वेगळा कप असलेली आणि मागे हूक असलेली घ्यावी. दुकानात तिथल्या तिथे दहा उड्या मारून पाहाव्यात. लोक बघतील, बघोत.

दोन ऐकीव गोष्टी खोडाव्या लागतात. एक, तारेच्या ब्राने कर्करोग होतो. हा समज १९९५ मध्ये निघालेल्या एका अमेरिकी पुस्तकाने पसरवला. सिअ‍ॅटलच्या फ्रेड हचिन्सन संशोधन केंद्राने २०१४ मध्ये सुमारे दीड हजार स्त्रियांची तुलना केली, आणि ब्रा किती तास घातली, तार होती की नाही, कोणत्या वयापासून घातली, कशाचाही संबंध आढळला नाही. दुसरी, ‘८० टक्के बायका चुकीची ब्रा घालतात’ हे जाहिरातींतलं लाडकं वाक्य. असा आकडा २००८ च्या एका ऑस्ट्रेलियन पाहणीत आहे खरा, पण तिथे तरुणी होत्या फक्त ३०. चुकीचं माप वापरणाऱ्या पुष्कळ असतात हे कोणत्याही ट्रायल रूममध्ये दिसतं. त्यासाठी टक्केवारीची भीती घालायची गरज नाही. रात्री ब्रा घालावी की नाही हाही ज्याचा त्याचा आरामाचा प्रश्न आहे.

शस्त्रक्रियेत स्तन काढावा लागलेल्यांसाठी आतून खिसा असलेल्या ब्रा मिळतात. त्यात सिलिकॉनचा, किंवा सुरुवातीला जखम ओली असताना हलका कापसाचा वा मऊ सुताने विणलेला भराव बसतो. एका बाजूचं वजन गेल्यामुळे खांदा वर उचलला जातो आणि पाठ दुखते, म्हणून ही फक्त दिसण्याची सोय नाही. कर्करोग रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात याची चौकशी करावी.

राहिली धुणी. सहा महिने ते वर्ष, रोजच्या वापरातल्या ब्राचं आयुष्य साधारण एवढंच. सर्वांत आतल्या हुकावरही पट्टा पाठीवर चढायला लागला की ती गेली. आयुष्य वाढवायचं तर तीन-चार आलटून पालटून वापराव्यात, म्हणजे इलॅस्टिकला पूर्ववत व्हायला एक दिवस मिळतो. कोमट किंवा गार पाण्यात हाताने धुवाव्यात, पिळू नये. मशीनमध्ये टाकायच्या तर हूक लावून जाळीच्या पिशवीत. स्ट्रॅपवर लटकवल्या तर ओल्या वजनाने स्ट्रॅप ताणतात, म्हणून मधोमध दोरीवर टाकाव्यात. आणि हवेत टाकाव्यात. आपल्याकडे ब्रा टॉवेलच्या नाहीतर परकराच्या खाली वाळत घालायची रीत आहे, सासऱ्यांना दिसू नये, शेजाऱ्यांना दिसू नये. उन्हाळ्यात चालून जातं. जुलैत कोकणात किंवा मुंबईत ती परकराखालची ब्रा दुसऱ्या दिवशी सकाळीही दमटच असते आणि तशीच अंगात चढते. छातीखालच्या घडीत मग खाज येते, लाल कडा असलेले चट्टे उठतात. त्यावर शेजारणीने दिलेली, औषधाच्या दुकानातून विचारून आणलेली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब लावू नये; खाज दोन दिवस थांबते आणि चट्टा हातपाय पसरतो. घडी कोरडी पुसावी, सुती ब्रा घालावी, आठवड्यात उतरलं नाही तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जावं. आणि पावसाळ्यापुरती तरी दोरीच्या पुढच्या ओळीतली एक जागा परकराकडून काढून घ्यावी.